खुंटीवरचा लाल ठोकळा

दोन डायच्या, म्हणजे प्रेसच्या वरखालच्या पोलादी साच्यांच्या, फटीत पिवळं फडकं हललं आणि मी बटणांवर टेकवलेले दोन्ही तळहात उचलले. एवढंच झालं. बटणं अजून दाबली नव्हती, पण दाबणारच होते. वर्षाचा कामाचा शेवटचा दिवस, सकाळपासून सगळा कारखाना धुऊन पुसून काढत आणलेला, आणि प्रत्येक प्रेस साफ झाल्यावर तिला एक फेरा द्यायचा, वरची डाय एकदा खाली आणायची, म्हणजे तेल सगळीकडे पोचतं, तो फेरा मी देत होते. तीन नंबरच्या प्रेससमोर उभी राहून मी नेहमीप्रमाणे बोट दाखवून, खणखणीत आवाजात म्हटलं होतं : जमीन कोरडी, ठीक! जाळी जागेवर, ठीक! लाल ठोकळा खुंटीवर, ठीक! मग मोटर चालू केली. चाकाची घरघर एका पट्टीत येईपर्यंत थांबायची मला सवय आहे, कारण घाईत दिलेला फेरा मशीनला सोसत नाही असं बाबा म्हणतात. त्या थांबण्यात ते फडकं हललं. डावीकडून उजवीकडे, निवांत, घरातलं ओट्यावरचं फडकं हलावं तसं. फडक्याच्या टोकाला बोटं होती. मी बटणांपासून मागे सरले, मोटर बंद केली आणि ओरडले, "कोण आहे आत?"

"मीच. आणखी कोण असणार?" प्रेसच्या मागून आमच्या जुन्या कारागिराचा, कुसाकासानांचा आवाज आला. "आणि तो दिवा जरा इकडं फिरवा की ताईसाहेब. ह्या कोपऱ्यात मेलं काही म्हणजे काही दिसत नाही."

त्यांना काही कळलंच नव्हतं. हवेचा पंप शेजारी धडधडत होता आणि आयुष्यभर प्रेसच्या दणक्यात काढलेल्या माणसाचे कान ते, मोटर काय आणि पंप काय, त्यांना सारखंच. दिवा मी फिरवला नाही. मी खुंटीकडे बघितलं. ठोकळा तिथं होता. लाल, वीतभर रुंद, डाव्या कोपऱ्याचा टवका उडालेला, खालच्या बाजूला किंचित सावली. मी बघत राहिले तरी तो तिथंच होता. मग मी चार पावलं चालून गेले आणि हात लावला, तेव्हा बोटांना सपाट फळी लागली. ठोकळा नव्हता. ते त्याचं चित्र होतं, मीच काढलेलं.

आमच्याकडे नियम एकच आणि सोपा आहे. प्रेसच्या तोंडात हात घालायचा तर आधी खुंटीवरचा लाल ठोकळा काढायचा आणि वरच्या डायखाली उभा करायचा. मग वरून काहीही आलं तरी ठोकळ्यावर अडेल, हातावर यायचं नाही. काम झालं की ठोकळा परत खुंटीवर. म्हणजे ठोकळा खुंटीवर दिसला की आत कुणाचा हात नाही, दिसला नाही की आहे. दोन बटणं दाबणाऱ्याचे स्वतःचे दोन्ही हात बटणांवर अडकलेले असतात, तेव्हा त्याला धोका नाही. धोका मागच्या माणसाला. आमच्या प्रेस मागून उघड्या आहेत, आणि मागून कुणी हात घातला तर पुढच्याला सांगायला तो ठोकळाच काय तो. आणि प्रत्येक हत्याराच्या मागं भिंतीवर त्याचं चित्र, ही माझी भर. हातोड्यामागं हातोडा, पान्यामागं पाना, तेलाच्या कुपीमागं कुपी. वस्तू उचलली की मागं तिची आकृती उघडी पडते, तिची जागा तीच, दुसरीकडं ठेवायला मनच होत नाही. तसं पुष्कळ कारखान्यांत करतात, पण तिथं काळी बाह्यरेषा ओढून मोकळे होतात. मला ते कधी पुरलं नाही. शाळेत माझी चित्रकला चांगली होती आणि पुढं ती कुठंच उपयोगी पडली नाही, ती सगळी मी ह्या भिंतीवर काढली. पान्याला चकाकी दिली, कुपीला तेलाचा ओघळ दिला. ठोकळ्याला टवकासुद्धा दिला. ज्यांना आम्ही घंटीच्या वाट्या पुरवतो त्या सायकल कंपनीचे साहेब एकदा आले होते, ते भिंतीसमोर उभे राहून मला म्हणाले, उकाईसान, एखादं खरं काढून नेलं तरी कळायचं नाही. सगळे हसले. मीसुद्धा हसले, आणि खरं सांगायचं तर त्या रात्री मला आनंदानं झोप आली नाही. ते वाक्य आत्ता आठवलं.

कुसाकासान मागून बाहेर आले. साठी उलटलेला माणूस, कमरेत थोडा वाकलेला, कानामागं पेन्सिल, हातात तेच पिवळं फडकं. माझ्याकडं बघून म्हणाले, "काय झालं? तोंड असं का? ठोकलं कुणी तुम्हाला?"

"ठोकळा कुठाय?" मी विचारलं.

"खिडकीत. वाळतोय." त्यांनी बोट दाखवलं. न्हाणीच्या खिडकीत, हिवाळ्याच्या त्या कोवळ्या उन्हात, आमचा लाल ठोकळा नुकत्याच धुतलेल्या बाळासारखा ठेवलेला होता. "तेलानं नुसता बुळबुळीत झाला होता. तुम्हीच म्हणालात ना सकाळी, आज काहीही घाण सोडायची नाही म्हणून? घासला चांगला. लाकडाचाय, वाळायला वेळ लागणार. म्हटलं तेवढ्यात मागचा कोपरा पुसून घेऊ, एका फडक्याचं काम..." आणि बोलता बोलता त्यांचं लक्ष गेलं. आधी चाकाकडं, ते अजून हळूहळू फिरत होतं. मग बटणांकडं. मग स्वतःच्या हातातल्या फडक्याकडं. त्यांनी फडकं नीट चौपदरी घडी केलं, खिशात ठेवलं, आणि हात दोन्ही बाजूंना जरासे लांब धरून उभे राहिले.

मी त्यांना रागवायला हवं होतं. ठोकळ्याशिवाय हात घातला, सरळ नियम मोडला. दुसरं कुणी असतं तर मी त्याला तिथल्या तिथं सोलून काढलं असतं, माझी तशी ख्याती आहे. पण मी रागावले नाही, कारण चूक त्यांची होती तेवढीच माझी होती आणि माझी जास्त वाईट होती. ते हात घालताना गाफील राहिले. मी बघताना गाफील राहिले, आणि वर ओरडून ओरडून सांगितलं की मी बघितलं आहे. "जा, चहा प्या," मी म्हटलं. "पंप बंद करा आणि चहा प्या. मी आलेच." ते गेले. मी मागच्या दारातून गल्लीत आले आणि पायरीवर बसले.

गल्ली धुतलेली होती. ह्या दिवशी आमची सगळी वस्तीच धुतलेली असते. समोरचा स्प्रिंगवाला दारातली जाळी घासत होता, पलीकडच्या मुलाम्याचं काम करणाऱ्या बाईनं सगळ्या बादल्या उपड्या घालून ओळीनं मांडल्या होत्या. एकमेकांना बघून सगळे तेच म्हणत होते, यंदा तुमचं लवकर आटपलं की. मीही म्हटलं, हो, आटपत आलं. आवाज नेहमीचा निघाला. मला माझ्या आवाजाचा भरवसा आहे. कारखान्यात माझा आवाज प्रेसच्या वरून ऐकू येतो, आणि बोट दाखवून मोठ्यानं बोलायची पद्धत मी आणली तेव्हा लाजणाऱ्या पुरुषांना मी ओळीत उभं करून ओरडायला लावलं होतं. बोट दाखवलं की डोळा तिकडं वळतो, तोंडानं म्हटलं की डोकं जागं राहतं, असं मी त्यांना सांगायची. ते खरंच आहे. मी अजूनही तसंच सांगेन. फक्त मला हे ठाऊक नव्हतं की कधीतरी बोट एकटंच जाऊ शकतं. तोंड एकटंच बोलू शकतं. आणि त्यांच्यामागं जो डोळा असायचा तो वाटेत कुठंतरी उतरलेला असतो, आणि कुणालाच, अगदी ज्याचा आहे त्यालाही, त्याचा पत्ता नसतो. किती सकाळी असं झालं असेल? मी आठवायला गेले तर मला सगळ्या सकाळी आठवल्या, आणि प्रत्येक सकाळी ठोकळा लख्ख लाल खुंटीवर होता. त्यातला कुठला लाकडाचा आणि कुठला रंगाचा, हे मला सांगता येईना.

मी ह्या कारखान्याच्या वरच जन्मले. खाली प्रेस आणि वर आम्ही. तेव्हा बटणं नव्हती, पायानं लाथ मारायची प्रेस होती, हातानं पत्रा सरकवायचा आणि पायानं दाबायचं, आणि हात आणि पाय यांचं दिवसातून एकदा जरी जुळलं नाही तरी संपलं. वस्तीत दहाच्या दहा बोटं असलेला प्रेसवाला म्हणजे अजून शिकाऊ, असं मोठी माणसं चारचौघांत म्हणायची आणि हसायची. मी लहान असताना बाबांबरोबर सार्वजनिक न्हाणीघरात पुरुषांच्या बाजूला जायची. गरम पाण्याच्या टाक्याच्या काठावर सगळ्यांचे हात ओळीनं ठेवलेले असायचे, वाफेत, आणि मी बोटं मोजायची. मला मोजायला तिथंच आलं. हा चार, हा आठ, तो साबणवाला आजोबा सहा. ते चिडायचे नाहीत, उलट हात पुढं करून म्हणायचे, मोज बघू, कालच्यापेक्षा कमी तर नाहीत ना? बाबा मात्र उजव्या हाताला पंचा गुंडाळून पाण्यात उतरायचे. बाहेर असताना तो हात कमरेच्या लोकरी पट्ट्यात खुपसलेला. रस्त्यावरून चालताना ते मला नेहमी डाव्या हाताला घ्यायचे, आणि वाटेत बाजू बदलावी लागली तर स्वतः माझ्या भोवतीनं फिरून यायचे. तो उजवा हात माझ्या वाट्याला कधी आला नाही. मी मागितलाही नाही. मला त्याची भीती वाटायची आणि त्यांना ते ठाऊक होतं, असं आता वाटतं. तीन बोटं गेली, मधलं, त्याच्या शेजारचं आणि करंगळी. मी कारखाना हातात घेतला त्या दिवशी सगळ्यांसमोर पहिलं वाक्य हेच बोलले. माझ्या वडिलांची तीन बोटं ह्या जमिनीवर गेली, इथून पुढं एकही जाणार नाही. नवा माणूस आला की आजही त्याला मी पहिल्या दिवशी हेच सांगते. अपघाताविना किती दिवस गेले त्याचे फलक इतर कारखाने दारात लावतात, मी लावत नाही. आकडा वाढला की माणसं कापलेलं बोट खिशात लपवून घरी जातात. मला आकडा नको होता. मला बोटं हवी होती. आणि आजवर सगळी राहिली. कुसाकासानांना तर वस्तीत दहाबोटे म्हणतात. बाबांच्या हाताखाली चाळीस वर्षांपूर्वी आलेला हा माणूस, लाथेच्या प्रेसवर उमेदीची वर्षं काढलेला, आणि सगळी बोटं शाबूत. संत्रं सोलतो तर साल एका लांब पट्टीत उतरते, कुठं तुटत नाही. ती बोटं आज माझ्या दोन तळहातांखाली होती.

"थंडीत काय बसलीयस?" ओरिए दारात उभी होती. ही आमची वाट्या तपासून डब्यांत भरणारी, माझ्याबरोबर शाळेत होती, त्यामुळं मालकीण वगैरे तिला मान्य नाही. "तिकडं तो म्हातारा चहात साखर घालतोय नि ढवळतोय, घालतोय नि ढवळतोय. काय झालंय तुम्हा दोघांचं? भांडलात?"

"ओरिए, तीन नंबरचा ठोकळा कुठं आहे?"

तिनं मागं वळून बघितलं. दारातून ती भिंत सरळ दिसते. "हा काय, खुंटीवर," ती म्हणाली. मग म्हणाली, "का गं?"

तेव्हा मला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी जास्तच भीती वाटली. म्हणजे माझे डोळे गेलेले नाहीत, चित्रच तसं आहे. पण मग ते प्रत्येकाला तसं आहे, आणि ते मी काढलं आहे. मी उठले. एकदा उठले की मग मला बसवत नाही. मी तिला म्हटलं, सगळ्यांना बोलाव, खिडकीतला ठोकळा घेऊन ये, आणि येताना रंग खरवडायची पट्टी आण.

आत कुसाकासान माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "हे बघा, मी कुणाला काही बोलायचो नाही. आपल्या दोघांत राहील. वर्षाच्या शेवटी कशाला उगाच? माझीच चूक."

"तुमची होतीच," मी म्हटलं. "त्याबद्दल बोलणारच आहे. पण गप्प कशाला बसायचं? आज आपण गप्प बसलो तर सुटी संपल्यावर पाच तारखेला मी परत इथं उभी राहणार आणि परत ठीक म्हणणार. आणि मागं तुम्ही असणार. मग?"

संत्र्यांची टोपली मध्ये ठेवून सगळे नेहमीसारखे उपड्या खोक्यांवर बसले होते आणि मी उभ्यानं सांगितलं. जे झालं ते तसंच्या तसं. मी बोट दाखवलं, मी ओरडले, खुंटी रिकामी होती. सांगताना माझा आवाज कुठं कापला नाही, याचं मला बरं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. कुणी संत्रं सोलायचं थांबलं नाही, पण सगळ्यांनी हळू सोलायला सुरुवात केली. मग ओरिए म्हणाली, "म्हणजे तुझं चित्रच वाईट असतं तर बरं झालं असतं."

"मी तर केव्हापासून म्हणतोय," कुसाकासान म्हणाले, "की ह्या बाईनं हे इतकं चांगलं काढायला नको होतं. माझ्या घरी बायकोनं भिंतीवर भाताचं पातेलं काढलं तर मी उपाशी मरेन." सगळे हसले आणि मला एकदम त्यांचा राग आला, कारण बोटं जाणार होती ती त्यांची, तरी तेच हसवत होते आणि मी हसू देत होते. पण राग टिकला नाही. हसले ते बरं झालं. आमच्याकडं माणूस खरोखर घाबरला की आधी हसवतो.

उपाय काय, यावर मग सगळ्यांची डोकी चालली. कुणी म्हणालं ठोकळ्याला वायर लावा, तो खुंटीवर नसेल तर मोटरच चालू होणार नाही. ते करायचंच आहे, पण वायरमन सुटी संपल्याशिवाय मिळायचा नाही, आणि वायरसुद्धा कधीतरी दगा देणारच, तेव्हा डोळ्याला सुटका नाही. ओरिए म्हणाली चित्र पुसून पांढरं ठेव. मी पट्टी घेतली आणि ठोकळ्याचं चित्र खरवडायला लागले. लाल रंगाचे पापुद्रे पायाशी पडत गेले, आधी सावली गेली, मग टवका गेला. मला वाटलं होतं वाईट वाटेल, पण हात आपोआप जोरात चालत होता. खाली पांढरी फळी निघाली. मी मागं जाऊन प्रेससमोर उभी राहिले आणि बोट दाखवलं. पांढरं. पांढरं म्हणजे काहीच नाही. भिंतही पांढरीच, दोन दिवसांनी डोळा त्याच्यावरून घसरून जाईल. तिथं काहीतरी असं हवं होतं की ज्याच्याकडं बोट दाखवून माणसाच्या तोंडातून ठीक हा शब्द निघूच नये. ठोकळा अडकवला की ते झाकलं जाईल, काढला की उघडं पडेल, आणि उघडं पडलं की बटणावरचा हात थांबेल. ते काय, हे मला सुचत नव्हतं. म्हणजे सुचलेलं होतं, पण मी त्याच्याकडं बघत नव्हते.

जिन्यावर पावलं वाजली. दुपारी नव्या वर्षाचा शकुन म्हणून प्रेसवर गवताची दोरी बांधायला आणि तांदळाच्या वड्या मांडायला बाबा खाली येतात. कारखाना माझ्याकडं दिल्यापासून ते वर्षात ह्या एका दिवशी खाली उतरतात, एरवी म्हणतात मशीनला दोन मालक दिसले की ती बिथरते. ऐंशीच्या पुढचे आहेत. डाव्या हातानं कठडा धरून, उजवा हात पट्ट्यात, एक एक पायरी उतरून ते आले आणि दोरी मागायच्या आधीच त्यांचं लक्ष भिंतीकडं गेलं.

"काय पुसलंस?"

मी सांगितलं. दुसऱ्यांदा सांगत होते, पण ह्या वेळी आवाज फाटला. ऐकून झाल्यावर बाबांनी कुसाकासानांकडं बघितलं, म्हणजे त्यांच्या हातांकडं बघितलं, आणि कुसाकासानांनी न्हाणीघरातल्या म्हाताऱ्यांसारखे दोन्ही हात निमूट पुढं केले. बाबांनी नुसत्या नजरेनं बोटं मोजली. "हं," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मग आता तिथं काय काढणार?"

"तुमचा हात," मी म्हटलं.

तोंडातून निघून गेलं. मला वाटलं आता ते जिना चढून वर जातील, आणि गेले असते तर मी त्यांना थांबवलं नसतं. "भलतंच काहीतरी," ते म्हणाले. "वर्षाच्या तोंडावर भिंतीवर थोटा हात? घंट्यांचा कारखाना आहे का स्मशान?"

"थोटा नाही. तुमचा." माझ्या डोळ्यांत पाणी येत होतं आणि मला ते नको होतं. "बाबा, रोज सकाळी मला तिकडं बोट दाखवायचं आहे. मला असं काहीतरी हवं आहे की जे दिसल्यावर मी बटण दाबू शकणार नाही. दुसरं काहीही काढलं तरी मला त्याची सवय होईल. ह्याची नाही व्हायची."

ते त्या पांढऱ्या चौकोनासमोर जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "पेन्सिल आण." कुसाकासानांनी कानामागची काढून दिली. बाबांनी उजवा हात पट्ट्यातून बाहेर काढला, बाही मागं सारली आणि फळीवर टेकवला. मी इतक्या जवळून तो कधी बघितला नव्हता. कातडी तिथं पातळ आणि गुळगुळीत होती, लहान मुलासारखी. हात फळीवरून सरकू नये म्हणून मी डाव्या हातानं तो वरून दाबून धरला. ऊबदार होता. सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा मी तो हात धरला होता आणि तो इतका साधा ऊबदार असेल असं मला वाटलंच नव्हतं. मी अंगठ्यापासून सुरुवात केली. अंगठा, मग पहिलं बोट, नखाशी वळून खाली. मग मधल्याचा खुंट, आखूड. मग त्याच्या शेजारचा, आणखी आखूड. मग मी पेन्सिल सरळ मनगटाकडं उतरवायला लागले.

"अगं, थांब की," बाबा म्हणाले. "ही राहिली."

त्यांनी डाव्या हातानं तळव्याखाली चाचपलं आणि आत मुडपून बसलेलं एक बोट हळूहळू बाहेर काढलं. करंगळी. बारीक, पांढुरकी, सांध्यात आखडलेली, पण अख्खी, नखासकट. त्यांनी ती दातओठ खाऊन सरळ केली आणि फळीवर दाबली. "शीर आखडली तेव्हापासून आत वळते. लवकर काढ, फार वेळ सरळ राहत नाही."

"पण तीन गेली होती," मी म्हटलं.

"दोन," बाबा म्हणाले. "तीन कुणी सांगितलं तुला?"

कुणीच सांगितलं नव्हतं. मी मोजली होती. वाफेत, पंच्याच्या वरून, एकदाच, आणि मग इतकी वर्षं मोठ्यानं सगळ्यांना सांगत आले होते. माझ्यामागं कुसाकासान खाकरले. त्यांना ठाऊक असणार, पण मला कधी बोलले नाहीत. ओरिएनं नाक ओढलं. करंगळी परत आत वळायला लागली, तशी मी ती दोन बोटांत धरली, सरळ केली आणि तिच्याभोवती पेन्सिल फिरवली, नीट, टोकाशी गोल, दुसऱ्या बाजूनं खाली मनगटापर्यंत. रेघ पुरी झाली. पेन्सिल कुसाकासानांना परत दिली. करंगळी माझ्या हातातच होती.

"झालं ना?" बाबा म्हणाले. "सोड आता. दोरी बांधायची राहिलीय."

"थांबा जरा," मी म्हटलं. "बघतेय."